ठिपका बघणाऱ्या सोनवणेबाई

"ठिपका आणलास?"

सोनवणेबाईंच्या काउंटरवर गेलं की पहिला प्रश्न हा. या-बसा नाही, काय पाहिजे नाही. मरोळला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी ऑइलचं एक दुकान आहे. तिथे काउंटरमागे ही बाई एकवीस वर्षं उभी होती. मोटरसायकलचं ऑइल मागितलं की आधी ठिपका मागायची, आणि नसेल आणला तर चक्क परत पाठवायची. गिऱ्हाईक हाकलून देणारी नोकरदार बाई मी आयुष्यात एकच बघितली.

ठिपका म्हणजे काय ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गाडी दहा मिनिटं चालवायची, इंजिन गरम असतानाच ऑइलची पट्टी बाहेर काढायची आणि टोकाचा एक थेंब वहीच्या कोऱ्या कागदावर पाडायचा. कागद तासभर आडवा ठेवायचा. थेंब पसरतो. तपकिरी आणि सगळीकडे सारखा पसरला तर ऑइलमध्ये अजून दम आहे. मध्ये काळाकुट्ट गोळा आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी असेल तर ऑइल मेलं. बाहेर लांबवर फिकट कडं गेलं तर पेट्रोल उतरतंय, कड दातेरी झाली तर पाणी. बाई कागद उजेडाकडे धरायच्या, एक डोळा मिटायच्या आणि गाडी न बघता गाडीबद्दल बोलायला लागायच्या.

"चोक ओढून फिरतोस ना रे दिवसभर?"

"नाही हो बाई."

"मग तुझी बायको फिरत असेल. पेट्रोल उतरलंय यात. जा, केबल बघून घे."

कागदावर गाडीचा नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहून त्या तो छताला टांगलेल्या तारेत ओवायच्या. मरोळ, साकीनाका, पार मुलुंड-घाटकोपरपर्यंतच्या जुन्या गाड्यांचे ठिपके त्या तारेवर होते. कुणी थाप मारली, की बाई दोन महिन्यांपूर्वीच बदललं हो, की तारेवरून त्याचा मागचा कागद काढून त्याच्या नाकासमोर धरायच्या. "हे वाच आणि परत बोल."

दुसरी एक खोड होती. ऑइलचा रिकामा डबा परत आणायला लावायच्या. काउंटरखाली एक हातोडी आणि जाड खिळा ठेवलेला असायचा. डबा उलटा करून त्याच्या बुडाला सगळ्यांदेखत भोक पाडायच्या. ठक, ठक, ठक. "धड डबा भंगारात गेला की त्यात कुणी काय भरेल सांगता येत नाही," असं म्हणायच्या. हा आवाज त्या दुकानाच्या प्रत्येक गिऱ्हाइकाने ऐकलाय. प्रत्येकाने, हे लक्षात ठेवा. मी हे सगळं रागाने लिहितोय, आणि त्या गिऱ्हाइकांत मीही होतो.

बाबा गेले तेव्हा त्यांची शंभर सीसीची गाडी माझ्याकडे आली. गाडी माझ्या बहिणीपेक्षा दोन वर्षांनी मोठी. बाबांनी तिला कायम स्वस्तातलं ऑइल घातलं, मी म्हटलं आता आपण कमावतो, बाबांच्या गाडीला एकदम भारीतलं घालू. मोठ्या चकचकीत दुकानात गेलो आणि सोनेरी डब्यातलं, परदेशी चित्र असलेलं सगळ्यात महाग ऑइल घेऊन आलो. आठवड्याने पवईच्या चढावर इंजिन नुसतं बोंबलतंय आणि गाडी जागची हलेना. मागून रिक्षावाले माझ्या खानदानाचा उद्धार करतायत. उतरणीवर घरंगळत कसाबसा मरोळला आलो. एका मेकॅनिकने सांगितलं, "समोर बाईला विचार, पण शिव्या खायची तयारी ठेव."

बाईंनी पट्टी पुसली, अंगठ्याने ऑइल चोळलं, वास घेतला.

"कारचं घातलंस."

"महागातलं आहे, बाई. सगळ्यात भारी."

"महागातलं म्हणून घातलंस? उद्या तुझ्या आईला ताप आला तर महागातलं म्हणून घोड्याचं औषध पाजशील? अरे, कारचा क्लच कोरडा असतो. तुझ्या गाडीचा क्लच ऑइलमध्ये बुडलेला असतो. कारच्या ऑइलमध्ये घसरण वाढवायचं औषध घालतात. मग क्लच घसरेल नाही तर काय भजन करेल? आणि एवढं पातळ! तीस वर्षांची गाडी, तिची पॅकिंगं म्हातारी झाली. हे बघ, खालून टपकायला पण लागलं."

"मग आता काय करू?"

"ढकलत घरी ने. उद्या सगळं ऑइल काढून टाक, जाळी धू, मग डबा घ्यायला ये. दुचाकीचं लागतं, डब्यावर एमए लिहिलेलं असतं, आणि जुन्या गाडीला जरा घट्टच. ट्वेंटी-फॉर्टी. आणि असल्या ऑइलवर किक मारलेली मला ऐकू आली ना, तर या दुकानात पाय ठेवायचा नाही."

मी वीस मिनिटं गाडी ढकलली. भर दुपारी, ऑफिसच्या शर्टात. घरी पोचलो तेव्हा इतका संतापलो होतो की पुन्हा त्या बाईचं तोंड बघायचं नाही असं ठरवलं. दुसऱ्या दिवशी गेलो. पुढची अकरा वर्षं जात राहिलो.

हा रागीटपणा बाईंनी कुठून आणला, ते मला हळूहळू कळलं. त्या मूळच्या मेहकरकडच्या, सातवी शिकलेल्या. नवरा याच वसाहतीत टर्नर होता. तो अचानक गेला तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती. दुकानाचे मोठे शेठ भले माणूस होते, त्यांनी झाडलोटीला ठेवलं. झाडू मारता मारता बाई डबे वाचायला शिकल्या. मेकॅनिक काय मागतात, का मागतात, परत येऊन कशाबद्दल बोंबलतात, सगळं डोक्यात ठेवत गेल्या. दोन वर्षांनी शेठनी काउंटर दिला. सुरुवातीला पुरुष हसायचे, बाईला काय कळतं ऑइलमधलं? बाईंचं उत्तर ठरलेलं होतं. "कढईतलं तेल कधी टाकून द्यायचं ते तुझ्या घरात कोण ठरवतं रे? तुझा बाप?"

मुलगी प्रज्ञा शिकून पॅथॉलॉजी लॅबमध्ये लागली. त्या दिवशी बाईंनी दुकानात पेढे वाटले आणि एका गिऱ्हाइकालाही शिवी दिली नाही. "ती रक्त बघते, मी ऑइल बघते. दोघींचं एकच काम," म्हणाल्या. प्रेम दाखवायची त्यांची रीतही भांडखोरच होती. माझ्या गाडीचा ठिपका चांगला आला की म्हणायच्या, "बरी ठेवलीस. उगाच फुगू नकोस."

मी तेव्हा वसाहतीतल्याच एका प्रेसमध्ये होतो. डब्यांची, बाटल्यांची लेबलं छापायची प्रेस. एकदा चहा पिताना मी बाईंना आमची पद्धत सांगितली होती, की प्रत्येक कामाचा पहिला नमुना आम्ही सही-तारखेसकट फाईलला लावतो, म्हणजे उद्या कुणी नाकबूल झालं तर दाखवता येतो. बाईंना ते फार आवडलं. "म्हणजे तुमचाही ठिपका असतो तर," म्हणाल्या. त्या असं काही विसरायच्या नाहीत.

मोठे शेठ आजारी पडले आणि धाकटा शेठ गल्ल्यावर बसला. दोनच महिन्यांत तो आमच्या प्रेसमध्ये एक काम घेऊन आला. इंजिन ऑइलच्या डब्यांची लेबलं, पाच हजार. नाव एका बऱ्यापैकी चालणाऱ्या मालाचं, आणि सगळ्या लेबलांवर बॅच नंबर एकच. खऱ्या कंपनीचं असं काम दर वेळी नवा नंबर घेऊन येतं, सोबत त्यांचं पत्र असतं. मी मालकाला विचारलं, "पत्र कुठाय?" मालक म्हणाला, "परब, तू छाप." मी छापलं. पहिल्या नमुन्यावर सही केली. मला कळलं नव्हतं असं मी म्हणणार नाही. चांगलं कळलं होतं.

बाईंना ते ठिपक्याच्या कागदाने सांगितलं. एक गिऱ्हाईक पाचशे किलोमीटरमध्ये मेलेला ठिपका घेऊन आलं. दुसरं आलं, तिसरं आलं. बाईंनी सीलबंद नवा डबा फोडला आणि त्यातलाच थेंब कागदावर टाकला. कोरं ऑइल कागदावर तुपासारखं पिवळट पडतं. हे राखाडी पडलं. जळकं ऑइल गाळून परत भरलेलं होतं. बाई तो कागद घेऊन धाकट्याकडे गेल्या. तो म्हणाला, "बाई, तुम्ही विकायचं काम करा." बाईंनी ते डबे खाली सरकवले आणि गिऱ्हाइकांना तोंडावर सांगायला लागल्या, "हे नको घेऊस, दुसरीकडे जा."

मग तो शनिवार आला. इंजिन जाम झालेले तिघे जण एकाच वेळी दुकानात भांडायला आले. बघ्यांची गर्दी जमली. मीही होतो, ठिपका घेऊन आलेलो. धाकटा शेठ गल्ल्यावरून उठला आणि शांतपणे म्हणाला, "डबे कोण देतं? बाई. गिऱ्हाइकांकडून रिकामे डबे कोण मागून घेतं? बाई. इतकी वर्षं रिकामे डबे कशाला गोळा करत असतील, तुम्हीच विचार करा."

बाईंनी काउंटरखालून हातोडी आणि खिळा काढून वर आपटला. "भोक पाडते मी डब्यांना! तुमच्यासमोर पाडते! सांगा ना रे कुणीतरी!"

वीस-पंचवीस माणसं होती. सगळ्यांनी ती ठकठक ऐकलेली. एकही जण बोलला नाही. एकाला फोन आला, एक जण हेल्मेटचा पट्टा नीट करायला लागला. अरे, त्या बाईने तुमच्या गाड्या जगवल्या होत्या! तोंडात काय बोळे कोंबले होते?

"लेबल बघा," बाई ओरडल्या. "सगळ्यांवर एकच बॅच. हे छापलं कुणी ते शोधा." आणि माझ्याकडे बघितलं.

मी माझ्या बुटांकडे बघत होतो.

कुणीतरी हे सगळं मोबाईलवर घेतलं. दुपारपर्यंत ते आमच्या जुन्या मोटरसायकलवाल्यांच्या ग्रुपवर आलं, खाली लिहिलेलं, 'मरोळची ऑइलचोर बाई, सावधान'. लोकांनी अंगठे दिले. मी टाइप केलं, 'लेबलं शेठनेच छापून घेतलीत, मी छापलीत.' पाच मिनिटं बघत बसलो आणि पुसून टाकलं. पोरगी दहावीला होती. नोकरी जाईल, मालक सोडणार नाही, आपण कशाला मध्ये पडायचं, असल्या सगळ्या गोष्टी मी मनाला सांगितल्या. नोकरी नंतर गेलीच, ते वेगळं.

बाईंना त्याच दिवशी काढलं. निघताना त्यांनी ठिपक्यांची तार काढून तशीच पिशवीत घातली, बाकी काही नेलं नाही. साकीनाक्याला दोन दुकानांत विचारून आल्या. दोघांनी तो व्हिडिओ बघितलेला होता. एकाने तर म्हणे विचारलं, "रिकामे डबे पण आणणार का?" एकवीस वर्षं जिच्या शब्दावर लोक इंजिन खोलत होते, तिचं नाव एका दुपारीत मातीत गेलं.

दीड-दोन महिन्यांनी मरोळच्या बाजारात त्या मला दिसल्या. मी गल्लीत वळणार होतो, पण त्यांनीच हाक मारली. "परब!" हातात मेथीची जुडी होती. बाई वाळल्या होत्या. मला वाटलं आता भर बाजारात माझी लाज काढतील. मला तेच हवं होतं, खरं सांगतो.

"गाडी कशी आहे?" त्यांनी विचारलं.

"बरी आहे."

"नमुना ठेवता ना रे तुम्ही प्रत्येक कामाचा? तू सांगितलं होतंस."

मी मान डोलावली.

"मला नोकरी नको त्याच्याकडे. पोलीस नकोत, काही नको. तो एक नमुना आण आणि ग्रुपवर लोकांना दाखव. मी चोर नाही एवढं कळू दे त्यांना. बस."

"बघतो," मी म्हणालो.

हा 'बघतो' शब्द ज्याने काढला त्याला जोड्याने मारलं पाहिजे. नाही म्हणायची हिंमत नसलेल्यांची सोय आहे ती. बाई मान हलवून म्हणाल्या, "बघ." मी दुसऱ्याच दिवशी फाईलमधून नमुना काढला, घडी करून खिशातल्या पाकिटात ठेवला आणि तो तिथेच राहिला. रोज वाटायचं, आज टाकू. रोज काहीतरी निघायचं. बाईंच्या घरी जायला तोंड नव्हतं. गाडीचं ऑइल बदलायचं झालं तेही राहून गेलं, कारण ठिपका दाखवायचा कुणाला?

व्हिडिओला आठ महिने झाले आणि बाई गेल्या. सकाळी पाणी भरताना छातीत कळ आली, हॉस्पिटलला पोचेपर्यंत संपलं.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी सकाळी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये होता. वंदना झाली, भन्तेजी बोलले, मग नेहमीप्रमाणे एकेक जण आदरांजली वाहायला उठू लागला. हॉल भरलेला होता. बुटांकडे बघणारे, हेल्मेटचे पट्टे ओढणारे सगळे आले होते. सगळे छान बोलले. बाई कशा कडक, बाई कशा मायाळू. मी मागच्या रांगेत दात खात बसलो होतो. तेवढ्यात पांढऱ्या कपड्यातला धाकटा शेठ फुलं घेऊन पुढे आला. फोटोला फुलं वाहिली, माइक हातात घेतला.

"बाईंनी आमच्याकडे खूप वर्षं काम केलं. शेवटी त्यांच्या हातून एक चूक झाली. पण आम्ही पोलिसात गेलो नाही. आम्ही त्यांना मनापासून माफ केलं होतं."

माफ केलं! तिच्या फोटोसमोर उभं राहून, तिच्या मुलीसमोर! माझ्या डोक्यात काय झालं मला माहीत नाही. मी उभा राहिलो तेव्हा खुर्ची मागे पडली.

"खोटं बोलतोय हा!" मी ओरडलो. "लेबलं याने छापून घेतली. पाच हजार. मी छापली. मी, या हातांनी छापली! बाई डब्यांना भोकं पाडायच्या, तुम्ही सगळ्यांनी बघितलंय. हा बघा नमुना, हा बॅच नंबर, ही माझी सही, ही तारीख. चोर हा आहे, आणि याच्यासोबत मी आहे!"

"प्यायलाय हा," शेठ माइकवर म्हणाला, पण त्याचा आवाज चिरकला. नमुना हातोहात फिरायला लागला. ज्यांची इंजिनं जाम झाली होती त्यांतला एक जण पुढच्या रांगेत होता. त्याने खिशातून मोबाईल काढला, त्या वेळी घेतलेला डब्याचा फोटो शोधला आणि दोन्ही नंबर जुळवले. मग उठून शेठच्या हातातला माइक काढून घेतला. चार-पाच जणांनी शेठला दारापर्यंत नेलं. मारलं नाही कुणी, जागा तशी नव्हती. पायरीवरूनच कुणीतरी ते ग्रुपवर टाकलं. मला वाटलं, झालं. केलं मी.

गर्दी पांगल्यावर प्रज्ञा माझ्याकडे आली. हातात तो नमुना होता.

"परबकाका, हा तुमच्याकडे कधीपासून होता?"

"आठ महिने... साधारण सहा-सात."

"कुठे?"

मी पाकीट दाखवलं. तिने ते पाकीट बघितलं, मग मला बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं. आईसारखी ओरडली असती तर मी तिचे पाय धरले असते.

"आई रोज ग्रुप बघायची," ती म्हणाली. "तिच्या फोनवर नव्हता, मी तिच्यासाठी त्यात शिरले होते, माझ्या फोनवर बघायची. मी कामावरून आले की पहिलं विचारायची, परबने काही टाकलं का?"

ती आत गेली आणि बाईंची पिशवी घेऊन आली. तारेचं वेटोळं काढलं, एकेक कागद बघत त्यातले माझ्या गाडीच्या नंबराचे वेगळे केले. अकरा वर्षांचे होते, बराच गठ्ठा झाला. तिने त्याला रबर लावलं.

"बाकीच्यांचे मी ठेवणार आहे. तुमचे तुम्ही घेऊन जा. घरात नकोत."

गाडी विहाराबाहेर लावलेली होती. मी पट्टी काढली आणि गठ्ठ्यातल्या सगळ्यात वरच्या कागदाच्या मागच्या बाजूला थेंब पाडला. तासभर थांबायची गरज नव्हती. काळाकुट्ट गोळा, कड सुरीने कापल्यासारखी. पट्टी परत बसवली, स्टँड काढला आणि गाडी ढकलायला लागलो.

नाक्यावर ग्रुपमधला एक जण गाडी थांबवून म्हणाला, "काय परब, बंद पडली?"

"नाही," मी म्हटलं. "चालू आहे. बाईंनी किक मारायची नाही म्हणून सांगितलंय."